बाईंचा सा
परवा मोबाइलच्या दुकानात सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात गेला आणि सेलूतली एक उन्हाळी दुपार आठवली. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी तिथं रेडिओ दुरुस्त करायचो. आमच्या गल्लीतल्या गाण्याच्या बाईंची बोटं सांधेदुखीनं आखडली, तानपुरा छेडता येईना, म्हणून त्या शिकवणी बंद करायला निघाल्या होत्या. त्यांच्यासाठी मी विजेवर आपोआप सूर धरणारी एक पेटी बनवली. पण बाईंच्या पत्र्याच्या खोलीत ऊन तापलं की पेटीचा सूर हळूहळू वर सरकायचा. "अहो, तुमचा सा चढायलाय!" बाई म्हणायच्या. तीनदा सर्किट बदललं, तरी तेच. एकदा माझ्या बायकोनं उघड्या पेटीत सूर स्थिर ठेवायला जोडीनं बसवलेल्या दोन ट्रान्झिस्टरना बोट लावून पाहिलं. "हे दोघं एकमेकाला सांभाळून घेतेत म्हणता ना? मग इतके लांब कामून ठेवले? एक तापलाय अन् दुसरा गारच हाय." दोघं सारखेच तापावेत म्हणून मी त्यांना पाठीला पाठ लावून दोऱ्यानं घट्ट बांधलं आणि भर दुपारी पेटी घेऊन बाईंकडं गेलो. डोळे मिटून त्या सा लावून बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. "हलंना की हो! उद्यापासून पोरींना यायला सांगा." माझा जीव भांड्यात पडला. घरी आलो तर बायको माझ्या पायांकडं बघून हसत सुटली. मी बाईंच्या चपला घालून आलो होतो. पुढं अशा बऱ्याच पेट्या बनवल्या, पण तेवढं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.