तिच्या ताटातली सहा अंडी

घरात शाळेच्या गोष्टी सांगायची मला वाईट खोड आहे. जेवायला बसलो की पहिला घास पोटात जायच्या आत माझं सुरू होतं. आमटी वाढता वाढता बायको म्हणते, "झालं, दुसऱ्यांदा शाळा भरली." पोरं हसतात. मी नकला करतो, आवाज काढतो, आणि प्रत्येक गोष्टीत शेवटी शहाणा ठरणारा माणूस मीच असतो. ही एक गोष्ट मात्र मी घरी अर्धीच सांगितली.

निपाणीच्या आमच्या सरकारी मराठी शाळेत सहावीला एक मुलगी यायची होती. तिचे वडील बेळगावला उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला होते, तिथंच अपघातात गेले. आई तिला घेऊन माहेरी आली आणि आजीच्या शेजारी बसून विड्या वळायला लागली. नाव घालायला आलेल्या आजीनं हे सगळं मला ऑफिसच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं.

नेमका त्याच वेळी मी तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आलो होतो. मुलांच्या मनात दयाबुद्धी आणि आपुलकी कशी रुजवायची, असा विषय. दोन दिवस मी डुलक्या काढल्या. तिसऱ्या दिवशी जागा राहिलो आणि तेच नडलं.

मुलगी यायच्या आदल्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, "उद्या एक नवीन मुलगी येणार आहे. तिला वडील नाहीत. घरची परिस्थिती अवघड आहे. तिला सांभाळून घ्यायचं." वर्ग एकदम गप्प झाला. मला वाटलं, काय परिणाम साधला आपण! दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली तेव्हा तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, बाकी सगळं माहीत होतं.

त्याच आठवड्यात मी भिंतीवर एक तक्ता लावला. 'आजचं माझं चांगलं काम.' ज्यानं त्यानं आपल्या नावापुढं लिहायचं, शनिवारी सगळ्यात जास्त कामं असणाऱ्याला चांदणी. पोरांना चांगलं काम शोधायला लांब जावंच लागलं नाही. ते तिसऱ्या बाकावर बसलं होतं. तिला पेन्सिल दिली. तिला पाणी आणून दिलं. तिचं दप्तर उचललं. पंधरा दिवसांत तिच्याकडं अकरा खोडरबर झाले.

सुरुवातीला ती भारी प्रश्न विचारायची. एकदा म्हणाली, "सर, शेळी सगळं खाती, मग तंबाखूच्या पानाला तोंड का लावत न्हाय?" मी म्हणालो, "पुढच्या धड्यात आहे ते." पुढच्या धड्यात चुंबक होता. पण मागच्या बाकावरचा एक जण कळवळून म्हणाला, "सर, तिच्या घरात विड्या वळत्यात, म्हणून इचारती ती." सगळ्यांनी तिच्याकडं मायेनं बघितलं. ती खाली बसली. त्यानंतर तिचे प्रश्न कमी होत गेले आणि माझी धड्यांची गाडी वेळेवर धावायला लागली. मला तेही बरंच वाटलं, हे कबूल करतो.

मग आला अंड्याचा दिवस. दुपारच्या जेवणात उकडलेलं अंडं मिळायचं, न खाणाऱ्याला केळं. मी जाऊन बघतो तर तिच्या ताटात सहा अंडी आणि भोवती भांडण.

"ए, काल तू पाणी दिलतीस, आज माझी पाळी हाय!"

"माझं अंडं लई मोठं हाय, सर, माझं लिवा!"

"तुझं केळं हाय रं. केळ्याला कोण इचारतंय!"

त्या रात्री मी घरी हे सगळं नकलांसकट सांगितलं. पोरं हसून हसून लोळली. बायको तेवढी हसली नाही. "आणि त्या पोरीनं काय केलं?" तिनं विचारलं.

मी बघितलंच नव्हतं. मी तक्ता बघत होतो.

पुढच्या अंड्याच्या दिवशी बघितलं. तिनं एक खाल्लं. मग दुसरं उचलून शेजारच्या मुलीपुढं धरलं. ती म्हणाली, "नको गं, तूच खा. तुला पायजे." पलीकडच्या मुलीपुढं धरलं. तीही तेच म्हणाली. मग घंटा होईपर्यंत ती ताट मांडीवर घेऊन नुसती बसली.

जेवणानंतर ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, तक्त्यावर माझ्या नावापुढं कायच न्हाय. मला बी लिवायचं हाय. पर मी दिलेलं कोण घेतच न्हाय."

आता इथं शहाण्या माणसानं तक्ता उतरवला असता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तुझं राहू दे गं बाळ. तू फक्त शीक."

महिनाभरानं तपासणीला साहेब आले. तक्त्यासमोर उभे राहून कानडीत म्हणाले, "भाळ छलो, भाळ छलो," म्हणजे फार छान. कौतुकानं मी इतका फुगलो की तिला उभं केलं. "सांग साहेबांना, मैत्रिणी तुला काय काय मदत करतात?" ती उभी राहिली. पोरंच एकेक करून सांगायला लागली, पेन्सिल, पाणी, अंडं. साहेबांनी तिची पाठ थोपटली. ती खाली बसली ती, शाळा सुटेपर्यंत तिनं वर बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्या आठवड्यात आली नाही. हेडसर म्हणाले, "बघून या एकदा. पोरगी हुशार आहे, सुटली तर सुटलीच."

मी गेलो. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. आई, आजी आणि ती, तिघी सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या. तिच्या सुपात पानं कापून ठेवलेली, तंबाखू, दोरा. बोटं मला वाटलं त्यापेक्षा चपळ चालत होती.

आई म्हणाली, "आम्ही न्हाय म्हटलं न्हाय, सर. तीच म्हणती, न्हाय जायाचं. इथं तिनं वळलेल्या विड्या तर घेत्यात लोकं."

मी पोरीला म्हणालो, "तक्ता काढून टाकतो मी. उद्यापासून ये." ती उठून आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं ती बशीत कप धरून माझ्यापुढं उभी राहिली. चहा होता. काठोकाठ भरलेला, त्यामुळं ती जपून चालत आली होती.

मला त्या कपात घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध दिसलं. पत्रा दिसला, आजीची खोकून वाकलेली पाठ दिसली. आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "नको गं, कशाला उगीच? तुम्हालाच राहू दे."

"घ्या की सर," आई म्हणाली, "तिनं केलाय."

मी हात पुढं केला तेव्हा ती पाठमोरी झाली होती. कप आत गेला. परत आली ती रिकाम्या हातानं, आणि सूप ओढून मांडीवर घेतलं. मी आणखी अर्धा तास बसलो. शाळेबद्दल पुष्कळ बोललो. कुणीतरी पुन्हा चहाचं विचारेल म्हणून वाट बघत होतो. कुणी विचारलं नाही, आणि ती शाळेत आली नाही.