पहिला ‘नको’

रिगचा ट्रक रिव्हर्स घेत होता आणि मी अजून स्वतःच्या इंग्रजीवर खूश होतो.

रिग म्हणजे बोअर पाडायचं मशीन. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात ते परदेशी मदतीतून आलं आणि त्याच्यासोबत एरिक नावाचा स्वीडिश इंजिनिअर आला. मी वाशीमचाच, पाणीपुरवठा खात्यात ज्युनिअर. पण कॉलेजात इंग्रजीत पहिला, म्हणून साहेबांनी मला दुभाष्या केलं. झालं! मी भर उन्हात टाय बांधून हिंडायला लागलो.

रिसोडकडच्या एका गावात बौद्ध वस्तीसाठी बोअर घ्यायचा होता. वस्तीतल्या बाया नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. पॉइंट, म्हणजे पाणी लागेल म्हणून दाखवलेली जागा, आला नेमका पंचफुलाबाईच्या अंगणात. दुसऱ्या दिवशी रिग दुसऱ्या तालुक्यात जाणार होती. आज नाही तर या उन्हाळ्यात नाहीच.

एरिकचा एक नियम होता. जागा ज्याची, त्यानं स्वतः ‘हो’ म्हटल्याशिवाय मशीन लावायचं नाही. त्यानं विचारलं, मी मराठीत सांगितलं, पंचफुलाबाईनं पदर सावरला.

"राहू द्या ना साहेब. आमच्यासाठी कायले तरास घेता?"

माझी आई दारातल्या पाहुण्यांना हेच म्हणायची. अर्थ मला पाठ होता. पण व्याकरण सांभाळायच्या नादात मी शब्दाला शब्द ठेवला, "शी सेज, लेट इट बी. व्हाय डू यू टेक ट्रबल फॉर अस?"

"ओके," एरिक म्हणाला आणि ड्रायव्हरला हात करून ट्रकमध्ये चढला.

मला वाटलं, आता हा दुसऱ्यांदा विचारेल. आपल्याकडे पहिल्या आग्रहाला ‘हो’ म्हणणारा हावरट ठरतो. मी वाट बघत उभा. ट्रक वळला.

"अवो बापू, हा कुठी चालून राह्यला?" पंचफुलाबाई ओरडली.

"मावशी, तुम्हीच नाही म्हणालात ना!"

"मी कवा नाही म्हनली? मी तं राहू द्या म्हनली! त्यानं अजून एकडाव पुसाव लागते. त्याच्या मायनं शिकवलं नाही काय त्याले?"

मी धावलो. टाय खांद्यावरून पाठीवर गेला. ढेकळांत दोनदा ठेचकाळलो. ‘आग्रहा’ला इंग्रजी शब्द सुचेना.

"सर! शी सेड नो, बट इट इज येस!"

एरिकनं ट्रक थांबवला. "नो इज येस?"

"फर्स्ट नो इज येस, सर. सेकंड नो आल्सो."

"अँड थर्ड?"

"थर्ड... डिपेंड्स, सर."

 एरिक खाली उतरला, चालत अंगणात आला आणि त्यानं पुन्हा विचारलं.

"राहू द्या ना साह..." पंचफुलाबाईनं जीभ चावली, कपाळावर हात मारला. "घ्या बाप्पा, घ्या! हो म्हना त्याले, हो!"

अख्खी वस्ती हसली. मशीन लागलं. दुपारभर नुसती पांढरी भुकटी उडत होती. पंचफुलाबाई जागची हलली नाही. ऊन कलता कलता भुकटीचा चिखल झाला आणि पाण्याचा लोट वर आला. बाया रडत होत्या, हसत होत्या. माझेही डोळे भरले. डोळ्यांत धूळ गेली म्हणत मी ते टायनं पुसले.

पाणी नितळल्यावर पंचफुलाबाईनं त्याचाच चहा केला आणि दोन कपबश्या आमच्यापुढे ठेवल्या. घोटभर चहासाठी माझा जीव कासावीस झाला होता. एरिक आता शहाणा झाला होता. माझ्याकडे बघून त्यानं डोळा मारला आणि जपून, एकेक शब्द उच्चारला, "राहू द्या. कायले तरास घेता?"

मीही आईच्या वळणानं म्हणालो, "नको मावशी, कशाला!"

पण शहाणा काही एकटा एरिकच झाला नव्हता.

"ओके," पंचफुलाबाई म्हणाली आणि दोन्ही कपबश्या उचलून आत गेली.

दुभाष्यानं दोन्ही बाजूंना शहाणं करावं, पण चहा पिऊन झाल्यावर.