उंदरांचा पोळा

प्रेरणाने कडूबाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या अंगठ्याला एक पांढरा उंदीर लोंबकळत होता, रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि कडूबा दुसऱ्या हाताने चहा पीत होता. माणूस दारात मावत नव्हता. दारच बिचारं अंग चोरून उभं होतं. मिशा अशा, की एकेका टोकावर दोन-दोन उंदीर वाळत घालावेत.

"घाबरू नका म्याडम," तो म्हणाला, "नवा हाय. कंटाळला की सोडतो."

उंदीर कंटाळला नाही. कडूबाने चहा संपवला, कप विसळला आणि मग सवडीने उंदराचा जबडा उघडला.

गारखेड्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात तो वीस वर्षं होता. तरुणपणी वैजापूर तालुक्यातली एकही जत्रा आपल्याशिवाय उधळली गेली नाही, असं तो अगदी नम्रपणे सांगे. आता उंदरांना खाऊपिऊ घालून गुबगुबीत करायचं आणि प्रयोग संपला की छोट्या यंत्रात त्यांची मान धरून पातं खाली ओढायचं, हे त्याचं काम. तेवढा वेळ प्रेरणा व्हरांड्यात उभी राहून मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असे.

तिचा प्रयोग मेंदूचा होता. उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी थोडा वेळ बंद केली की तिथल्या पेशी मरू लागतात. त्यांच्याच पोटातलं एक एन्झाइम सुरी घेऊन पिसाळतं आणि त्यांना आतून फाडत सुटतं. प्रेरणाचं औषध त्या एन्झाइमला अडवणार होतं.

"म्हंजी मार खाणाऱ्याला सोडून मारणाऱ्याचा हात धरायचा," कडूबा म्हणाला. "भांडणात मी बी तेच करायचो."

"आणि मग?"

"मग तो हात मोडायचो."

एकूण चाळीस नर. वीस जणांना औषध, शेपटीवर हिरवी खूण. वीस जणांना नुसतं मिठाचं पाणी, शेपटीवर लाल खूण. दिवाळीपर्यंत निकाल हाती आला नाही, तर प्रेरणाची पीएच.डी.ची मुदत संपत होती.

पोळ्यासाठी आपल्या गावी, सोयगावला निघताना ती प्राणिगृहात डोकावली. कडूबा एकेका उंदराच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता आणि बैलांना म्हणतात तसं म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"मामा, हे काय बैल आहेत का?"

"घरी बैल ऱ्हायलेत कुठं? ट्रॅक्टर हाय. आता त्याला आवतन देऊ? आन् इथं राबतं कोण, तुम्ही का मी?"

ती खो खो हसली आणि बस गाठायला पळाली. बैलांच्या या खांदेमळणीच्या दुसऱ्या दिवशी काय असतं, हे शेतकऱ्याच्या लेकीला ठाऊक असायला हवं होतं.

अंघोळ असते.

पोळ्याच्या सकाळी कडूबाने चाळीसच्या चाळीस उंदीर कोमट पाण्यात धुतले. शेपटीवरचे हिरवे-लाल डाग साबणाने निघेनात, म्हणून स्पिरिट लावून घासले. पंच्याने पुसून, पुरणपोळीचा तुकडा देऊन, हाताशी येईल त्या पिंजऱ्यात सोडले.

अनोळखी नर एका पिंजऱ्यात आले आणि दहा मिनिटांत जत्रा उधळली. कान फाटले, डोळे गेले, गळ्याला धरलेले दात सुटेनात. पिंजरे आतून लाल झाले. कडूबाने हातमोजे न घालताच दोन्ही हात आत खुपसले. मारणाऱ्याचा हात धरायचा, हे खरं. पण इथं मार खाणारं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी प्रेरणा आली तेव्हा नऊ मेलेले उंदीर ओळीने मांडलेले होते, एकतीस जखमी पण पांढरेशुभ्र होते आणि कडूबाचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते.

"यातले हिरवे कुठले?"

"सगळे सोच्छ हायत, म्याडम."

आईने दिलेला पुरणपोळ्यांचा डबा तिने त्याच्या छातीवर फेकून मारला. पोळ्या फरशीभर पसरल्या.

"अजून मारा," कडूबा म्हणाला, "पण पोळीवर पाय नका देऊ."

तिचे गाईड फारूख सर आले, त्यांनी पिंजऱ्यांत वाकून शेपट्या पाहिल्या. "कौन दवावाला, कौन पानीवाला, अल्ला जाने. आता यांचा उपयोग नाही. आजच संपवा."

कडूबाच्या बोटांत पातं ओढायची ताकद नव्हती. प्रेरणा सवयीने व्हरांड्याकडे निघाली. तो दारात जाऊन उभा राहिला. दार भरलं.

"इतके दिस तुमच्या नावानं मी मारले. आज तुम्ही."

पहिल्या वेळी तिने दबकतच ओढलं, पातं अर्ध्यात अडकलं आणि उंदीर किंचाळला.

"भेऊ नका! तुम्ही भेला की त्यालाच तरास! एका दमात!"

दुसरा एका दमात. तिसराही. चष्म्यावर रक्त उडालं, ते पुसायला ती थांबली नाही. एकतिसावा झाला तोवर तिचं रडणं आटलं होतं, आणि कडूबाच्या मिशा टोकापर्यंत भिजल्या होत्या.

तिला वर्षाची मुदतवाढ मिळाली. कडूबा निवृत्त झाला. नवे चाळीस उंदीर आले, या वेळी खुणा कानाला भोकं पाडून केल्या. औषधवाले आणि मिठाच्या पाण्याचे, दोन्हींच्या मेंदूत मेलेल्या पेशी सारख्याच निघाल्या.