शिष्य म्हणून स्वीकारणेबाबत

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. एक हजार आठशे पन्नास रुपये. एक्स-रे, हाडांची तपासणी आणि डाव्या मनगटाचं बँडेज धरून एवढा खर्च झाला. वैजयंता हत्तीअंबिरे जिन्यावरून पडल्या होत्या. पाच महिन्यांत दुसऱ्यांदा.

"या वेळी मनगटावर निभावलं," डॉक्टर म्हणाले. "हाडं पोकळ होत चाललीत. पुढच्या वेळी खुबा."

त्यांच्या लेकीने, निशाने, हे फोनवर ऐकलं आणि कल्याणहून लगेच निकाल दिला. "आई, आता तिसऱ्यांदा पडलीस ना, तर मी विचारणार नाही. टेम्पो घेऊन येईन. नोकरी सोड, खोली भाड्याने दे, इथे येऊन राहा."

निशाचं घर एका खोलीचं. त्यात नवरा, सासू आणि दोन मुलं. वैजयंताबाईंची भाईंदर पश्चिमेतली खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. पण ती त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. लातूरहून आलेल्या बाईने नवऱ्यामागे अकरा वर्षं हप्ते भरून घेतलेली. निवृत्तीला एकोणीस महिने उरले होते. तेवढे महिने पडायचं नाही, एवढंच करायचं होतं.

आणि तेच जमेना. पडण्यापेक्षा पडण्याची भीती वाईट. अडुसष्ट पायऱ्या. सकाळी दार लावून पहिली पायरी समोर दिसली की त्या वळून दाराची कडी पुन्हा एकदा तपासत. त्या भिंतीला पाठ लावून आडव्या उतरत, प्रत्येक मजल्यावर थांबून त्रिशरण म्हणत, आणि कुणी येत नाही असं पाहून कधीकधी चक्क बसून खाली सरकत. मग ठाण्याची बस. वरसाव्याच्या पुलापाशी बस ब्रेक मारत मारत जाई, तेव्हा त्या दांडा इतका घट्ट धरत की ऑफिसात पोचल्यावर पेन धरताना बोटं दुखत.

ऑफिस म्हणजे ठाण्यातली एक सरकारी कचेरी. वैजयंताबाई आवक-जावक कारकून. तेवीस वर्षं त्याच टेबलावर. कागदावर नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

तिथल्या ईश्वर शिपायाने त्यांचं बँडेज पाहिलं. "बाई, तुम्ही आमच्या दातवाल्याकडे जा."

"मला दात आहेत, ईश्वर."

"दातासाठी नाय हो! ही माझी कवळी पाहिली? चुंग मास्तरने बनवली. तुमच्याच भाईंदरला राहतो. चिनी माणूस, पण इकडचाच. सकाळी खाडीकडच्या मैदानात असा हळू हळू हात फिरवतो, पाण्यात चालल्यासारखा. बापाकडून शिकलेला, खरा कुंग फू. एकदा मस्करीत मी त्याला ढकलला. बाई, भिंतीला ढकलल्यासारखं. मीच मागे पडलो. वर विचारतो, 'कवळी ठीक है ना?'"

"मला मारामारी काय करायची आहे?"

"मारामारी नाय, उभं राहायची विद्या आहे ती. पण हल्ली शिकवत नाय तो कुणाला. जास्त बोलतपण नाय. आणि हो, तो एकटाच असतो. जरा जपून विचारा."

शेवटचं वाक्य वैजयंताबाईंनी ऐकलं, पण त्याची नोंद घेतली नाही.

रविवारी, अकरा तारखेला त्या गेल्या. जुन्या बाजाराच्या मागे बैठी चाळ, शेवटची खोली. खिडकीत प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने वाळत ठेवलेले. दार ठोठावलं. आतला रेडिओ बंद झाला.

"कौन?"

घाबरल्या की वैजयंताबाईंचा आवाज ऑफिसचा होई. "मी ठाण्याच्या ऑफिसातून. चुंग इथेच राहतात ना? थोडी माहिती हवी होती."

दारातल्या भिंगापलीकडे काहीतरी हललं. मग आतला दिवा विझला. दहा मिनिटं त्या उभ्या होत्या. आत माणूस श्वास धरून उभा आहे, हे त्यांना दारातून कळत होतं. का, ते कळत नव्हतं. शेवटी त्या परतल्या.

तोंडी जमलं नाही तर लेखी. घरी बसून त्यांनी अर्ज लिहिला. प्रति, माननीय चुंग मास्तर. विषय: शिष्य म्हणून स्वीकारणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की... खाली वय, पत्ता, दोन्ही वेळा पडल्याच्या तारखा, आणि 'योग्य ती कार्यवाही व्हावी'. घरात लिफाफा एकच होता, ऑफिसातून फाटके कागद भरून आणलेला, लांब, खाकी, वर 'शासकीय सेवार्थ' छापलेला. मंगळवारी कामावर जाताना त्यांनी तो दाराखालून आत सरकवला. अर्धा आत गेला आणि मग पलीकडून कुणीतरी तो सावकाश ओढून घेतला.

पुढच्या रविवारी दाराला कुलूप होतं. नवंकोरं, पितळेचं, मुठीएवढं. जबडे खिडकीत तसेच होते. त्यांच्यावर धूळ बसायला लागली होती.

शेजारची संजना बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. तिने वैजयंताबाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्हीच का त्या नोटीसवाल्या?"

"कसली नोटीस?"

"आता तुम्हीच सांगा, कसली. मंगळवारी लिफाफा आला. अंकलने उघडलासुद्धा नाही. माझ्याकडे धावत आले. म्हणाले, 'संजना, वो लोग आ गया.' बाजारातून कुलूप आणलं, बॅग घेतली आणि गेले. बॅग तयारच असते त्यांची, दारामागे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आंटी! ना फोन, ना काही. पाच दिवस झाले."

वैजयंताबाईंना चाळीची भिंत धरावी लागली. स्वतः पडण्याची भीती त्यांच्या ओळखीची झाली होती. ही दुसरी होती. आपल्या एका कागदाने एक म्हातारा घराबाहेर निघून गेला. कुठे रस्त्यात काही झालं असेल तर? खाडी इथून दहा मिनिटांवर.

"पोलिसात सांगू या का?"

"वेड्या आहात का?" संजना म्हणाली. "पोलीस बघून तर मरतीलच ते." मग जरा नरमली. "तिकडे समुद्रावर चौक गाव आहे ना, तिथे एक रोशन आहे, होडीवाला. लहानपणी शिकायचा अंकलकडे. तिथे बघा. पण कागदबिगद नेऊ नका."

त्या दुपारी चौकला बसमधून उतरल्या. गळ्यात घालायचं ऑफिसचं ओळखपत्र सवयीने पर्समध्ये होतं. ते त्यांनी स्टॉपवरच्या दुकानदाराकडे सांभाळायला दिलं. गावात दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. रोशनचं घर किनाऱ्याच्या टोकाला, आणि त्याच्यापुढे समुद्राकडे उतरणारा होड्या ओढायचा दगडी उतार. ओहोटी होती. उतार शेवाळाने आणि खवल्यांनी चकाकत होता.

रोशन जाळं सांधत बसला होता. उघडा, दणकट, गळ्यात क्रूस. "मास्तर हाय. पन भेटाचा न्हाय बोलतात."

"त्यांना सांग, मी घाबरवायला आले नाही."

"मावशी, ते तुमालाच घाबरतात. बगा ना."

उताराच्या मध्यावर एक होडी कलती करून ठेवली होती. तिच्याआड एक टक्कल दिसलं आणि लगेच नाहीसं झालं. वैजयंताबाईंना सुटकेने रडू आलं. माणूस जिवंत होता. पण त्याच्यापर्यंत वीस पावलं होती, आणि ती वीस पावलं म्हणजे त्यांच्या अडुसष्ट पायऱ्यांहून वाईट. धरायला भिंत नाही, कठडा नाही.

"मावशी, चपला काडा! थांबा, मी धरतो..."

"नको. तू आलास तर त्यांना वाटेल, पकडायला दोघं आले."

चपला काढून सहा-सात पावलं त्या गेल्या. मग डावा पाय बोटभर सरकला आणि त्या थिजल्या. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. गुडघे ताठ, हात फाकलेले. कानात नुसता समुद्र. खुबा, टेम्पो, कल्याणची ती खोली, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"मास्तर!" त्या ओरडल्या. आवाज ऑफिसचा नव्हता. "मी नोटीस नाही हो! मी पडते! मी नुसती पडते!"

मग होडीआडून तो माणूस बाहेर आला. बारीक, बुटका, चुरगळलेल्या शर्टात. त्याचाही चेहरा पांढरा पडलेला. आधी त्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. तो अनवाणी, पावलं न उचलता सरकवत, तीन हातांवर येऊन थांबला.

"माझ्याकडे बघू नका. खाली पण नको. समोर, पाण्याकडे." त्याचं मराठी बाजारात शिकलेलं होतं. "गुडघे सोडा. लॉक केलेत ते. अजून सोडा. तुम्ही पडायला घाबरता म्हणून सगळं वजन वर छातीत ठेवता. खाली सोडा. पिशवी जमिनीवर ठेवतो ना, तशी."

"पडेन मी."

"पडला तर मी हाय. चला, श्वास."

कधीतरी वजन खाली गेलं. पाय दगडाला लागले. अजून भीती होती, पण ती आता पायांत होती, छातीत नव्हती. ते दोघं तसेच उभे राहिले, एकमेकांना न धरता, आणि रोशनने मागून चहाला हाक मारली तेव्हाच हलले.

चहा पिताना मास्तर बोलला, बशीकडे पाहत. "बासष्ट साली, चीनची लढाई लागली तेव्हा, मी सहा वर्षांचा. आसामात होतो. असाच मोठा लिफाफा घेऊन माणूस आला. पिताजी बोलला, दोन-तीन दिवसांत परत येऊ, खेळणी नको घेऊ. ट्रेनमध्ये घातला सगळ्यांना, राजस्थानात कॅम्प. चार साल. परत आलो तर घर दुसऱ्याचं." त्याने बशी खाली ठेवली. "बाई, तुम्ही काय लिहिलं होतं त्यात? मी फाडून टाकला."

वैजयंताबाईंनी अर्ज तोंडपाठ म्हणून दाखवला, विषयापासून कार्यवाहीपर्यंत. रोशन हसून हसून जाळ्यावर पडला. मास्तर हसला नाही. "शिष्य," तो एकदाच म्हणाला.

मग त्याने अट सांगितली. सकाळी मैदानात यायचं, उभं राहायचं. शंभर दिवस, काही न धरता. एक दिवस झाडाला जरी हात लागला तर मोजणी पुन्हा एकपासून. फी नाही. "फक्त कुलूपचे पैसे. ते तुमच्यामुळे घेतला. तीनशे ऐंशी. पण आज नको. शंभर झाले की. आधी दिले तर तुम्ही येणार नाही."

सोमवारी तो चाळीत परतला. आता जुलै संपत आला. वैजयंताबाई पडलेल्या नाहीत. जिना त्या अजूनही त्रिशरण म्हणत उतरतात, पण भिंतीला पाठ न लावता. तिसऱ्या मजल्यावर मात्र हात आपोआप कठड्यावर जातो. मैदानात मोजणी चार वेळा तुटली. सध्या तेविसावा दिवस चालू आहे. मास्तरची बॅग दारामागे तयारच असते. त्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

कुलपाचे तीनशे ऐंशी रुपये द्यायचे बाकी आहेत.