भामाबाईंची शिकेकाई

रहिमतपुरात आमच्या आळीला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक आळीतली तालीम, जिच्यातून एकही पैलवान कधी निघाला नाही, आणि दुसरी भामाबाईंची शिकेकाई.

दिवाळी जवळ आली की भामाबाईंच्या अंगणात उखळ निघायचं. आळीतल्या बायका तोंडाला पदर बांधून, शिंकत, डोळे पुसत शिकेकाई कांडायच्या. रिठा, नागरमोथा, कपूरकचरी कशाचं किती घालायचं हे भामाबाई ओट्यावर बसून सांगायच्या. ओटा उखळापासून चांगला लांब होता. त्या मुसळाला हात लावत नसत. म्हणायच्या मात्र, "माज्या हातची शिक्काई हाय." ही त्यांच्या सासूची कृती, सासूच्या सासूची कृती; कदाचित शिवाजी महाराजांच्या काळापासून चालत आलेली असेल, भामाबाईंचा आवेश तरी तसाच होता. आळीत नवी नवरी आली की तिचं पहिलं न्हाण याच शिकेकाईनं व्हायचं. डोळ्यांत गेली, कपाळ लाल झालं, तर नवरी लेचीपेची ठरायची. शिकेकाईला दोष देण्याची कुणाची छाती नव्हती.

मी त्यांच्या शेजारीच राहायचे. यजमान शाळेत मास्तर, म्हणून आळीनं मला मास्तरीणबाई करून टाकलं होतं. आमचं परसू आणि भामाबाईंची न्हाणी यांच्यामध्ये एकच भिंत. तिच्या बुडातून त्यांच्या न्हाणीचं पाणी आमच्या परसात यायचं आणि जास्वंदीच्या आळ्यात मुरायचं. दर शुक्रवारी ते पाणी पांढरट असायचं. मला वाटायचं, ताकाचं मडकं विसळत असतील. शेजाऱ्याच्या पाण्याचा रंग विचारायचा नसतो, म्हणून मीही कधी विचारला नाही.

लढाईची वर्षं होती. भामाबाईंचा एकुलता एक आकाराम पलटणीत होता आणि मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, कुठंतरी लढत होता. जायच्या आधी आईनं त्याचं लग्न उरकून घेतलं. सून कुपवाडची, शालू. दिसायला साधीच, पण केस असे की बसली तर वेणी जमिनीला टेकावी. भामाबाईंना ती पसंत पडली ती केसांवरूनच. आपली शिकेकाई मिरवायला त्यांना तेवढं मोठं डोकं हवंच होतं.

पहिल्या शुक्रवारी शालूला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले. कपाळावर, कानांमागे, मानेवर पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी त्यातून पाणी वाहायला लागलं.

"पाणी बदाललं की व्हतंय असं," भामाबाई म्हणाल्या. "दोन न्हाणं झाली की बसंल."

दोन झाली, चार झाली, बसलं काही नाही. मग आळी मदतीला धावली. आमच्या आळीला कुणाच्या दुखण्याची बातमी लागली की प्रत्येक घरातून एक औषध निघतं आणि पहिलं उतरायच्या आत दुसरं चढवलं जातं. कुणी कडुनिंब वाटून लावला, कुणी लिंबू चोळलं. एकीनं रॉकेल सुचवलं; रॉकेल तेव्हा दिव्याला मिळत नव्हतं म्हणून पोरगी वाचली. आकारामनं पलटणीतला तांबडा साबण पाठवला होता, तोही घासून झाला. त्यानं तर कातडं सोलवटून निघालं. आणि गंमत अशी की या प्रत्येक औषधाच्या आधी डोकं स्वच्छ हवं म्हणून शिकेकाईनं धुतलं जायचं.

शालूनं एकदाच तोंड उघडलं. "आत्याबाई, मला ल्हानपणीबी शिक्काई सोसत नव्हती. आई जास्वंदीची पानं पाण्यात चोळून त्येच्या बुळबुळीनं न्हाऊ घालायची. त्येनं काय हुत न्हाई."

"जास्वंद देवाला व्हायाची असती," भामाबाई म्हणाल्या. "आन् कुपवाडची रीत कुपवाडला. माज्या शिक्काईनं आजवर कुणाला काय झालं न्हाई."

विषय संपला. फुलं देवाला वाहतात, पानांना देव विचारत नाही, हे त्यांना सांगणार कोण? मी भिंतीपलीकडे उभी राहून सगळं ऐकत होते आणि गप्प होते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

शालूनं मग आपल्यापुरती वाट काढली. शुक्रवारी सासू वाटीत शिकेकाई द्यायची. ही न्हाणीचं दार लावायची, वाटी मोरीत ओतायची, वेणीचं टोक तेवढं भिजवायची आणि डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर यायची. आता आमच्या परसात शुक्रवारी आधी पांढरट आणि मग तपकिरी पाणी येऊ लागलं. जास्वंदीला मात्र दोन्ही मानवत होतं.

डोकं धुवायचं नाही, आणि फणी फोडांना लागते म्हणून विंचरायचंही नाही. महिने गेले. मानेवरच्या केसांचा आधी गुंता झाला, मग गाठ झाली, मग मुठीएवढा गोळा झाला. शालू तो पदराखाली झाकून वावरायची. ऐन नवरात्रात, औंधला यमाईच्या दर्शनाला जायचं म्हणून भामाबाई सुनेची वेणी घालायला बसल्या आणि फणी त्या गोळ्यात अडकली.

आता त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे सुनेनं डोकं धुतलेलं नाही असं म्हणायचं. पण मग का धुतलं नाही, हा प्रश्न येणार आणि त्याचं उत्तर शिकेकाईपाशी जाऊन थांबणार. भामाबाईंनी फणी खाली ठेवली आणि हात जोडले. शिकेकाईला बोल लागण्यापेक्षा त्यांनी देवीलाच डोंगरावरून खाली आणलं.

देवऋषी नाथाजीला बोलावणं गेलं. नाथाजीला न हलवता नारळात पाणी किती ते कळायचं, मग जट ओळखायला कितीसा वेळ लागणार? त्यानं गोळ्याला हातसुद्धा लावला नाही. "जट हाय," तो म्हणाला. "आईनं धरलंय पोरीला. आता ह्या केसाला फणी न्हाई, कातरी न्हाई, पाणी न्हाई."

झालं. शालूला मंगळवारी आणि शुक्रवारी पाटावर बसवायला लागले. बायका ओटी भरायच्या, नारळ फोडायच्या, गाऱ्हाणी घालायच्या. जटेखाली फोड पिकत होते आणि खाजेनं जीव चालला होता. सोसेना झालं की ती मान झटकायची, डोकं घुमवायची. ती डोकं घुमवायला लागली की बायका म्हणायच्या, "वारं आलं." एकदा ती कळवळून म्हणाली, "आग हुतीया." त्यावर गर्दीतल्या तिघीजणी आपापल्या कडब्याच्या गंजी बघायला घरी पळाल्या.

भामाबाईंचा भाव असा वाढला की विचारू नका. लग्नाकार्यात त्यांना पुढचा पाट मिळू लागला. मी रात्री आमच्या मास्तरांना सांगितलं, त्या पोरीचा जीव जाईल, तुम्ही तरी बोला. मास्तर म्हणाले, "समाज सुधारायला वेळ लागतो," आणि कुशीवर वळले. सुधारणेला तेवढी झोप लागतच असावी.

इथपर्यंत सगळं खाजेवर निभावत होतं. पण आकाराम रजेवर येणार अशी खबर आली आणि नाथाजीनं पुढचं फर्मान काढलं. जटेची बाई देवीची; तिनं संसार करायचा नाही, नवऱ्यानं तिच्या अंगाला हात लावायचा नाही. आकारामला दुसरी करावी. भामाबाईंना ते पटलं. एक सून पाटावर आणि एक चुलीपुढं, यात त्यांना घराचं वैभवच दिसलं असणार. त्यांनी वाठारकडची एक पोरगी बघूनही ठेवली.

त्या दिवशी शालू भिंतीशी आली. रडत नव्हती. तिचं ते कोरडं तोंड बघून मला आळीचा असा संताप आला की उखळच उचलून विहिरीत टाकावं.

"मास्तरीणबाई, तुमच्या जास्वंदीची पानं द्याल का?"

"सगळं झाड ने. आत्ताच ये इकडे, मी सोडवते."

"एकटीदुकटीनं चोरून सोडवली तर देवीचा कोप म्हणून मला घराभाईर काढतील. समद्यांच्या म्होरंच सुटाय पायजे." मग ती म्हणाली, "शुक्रवारी पानं काढून ठिवा. आन् भाईर थांबा."

शुक्रवारी अंगण भरलं होतं. वाठारच्या पोरीचा बाप आप्पासो देवीचं घर बघायला आला होता आणि ओट्यावर बसून गूळ-शेंगा खात होता. मी पानांनी भरलेलं सूप पदराखाली धरून दाराशी उभी राहिले. शालूनं मान घुमवायला सुरुवात केली. खाज खरीच होती, त्यात सोंग काही नव्हतं. नाथाजीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "बोल आई, काय पायजे तुला?"

नेहमी नारळ हवा असायचा, कधी कोंबडी. त्या दोन्ही गोष्टी नाथाजीच्या घरी जायच्या.

"न्हायाचंय," शालू म्हणाली.

नाथाजी गडबडला. असली मागणी त्याच्या धंद्यात बसत नव्हती. पण देवी बोलते म्हणून त्यानंच सांगितलेलं, आता ती खोटं बोलते कसं म्हणणार? भामाबाई मात्र लगबगीनं उठल्या. देवीला न्हाऊ घालायचं म्हणजे केवढा मान. त्या आतून शिकेकाईचा डबा घेऊन आल्या.

डबा बघितला आणि शालूचे डोळे फिरले. त्यानंतर ती जे बोलली ते आधी ठरवलेलं नव्हतं, असं तिनं मला पुढं सांगितलं. तो निव्वळ राग होता.

"भामे," ती म्हणाली, "आदी तू न्हा ह्या शिक्काईनं. हितं, समद्यांच्या म्होरं. मग मला घाल."

सुनेनं सासूला भामे म्हटलेलं आमच्या आळीनं पहिल्यांदा ऐकलं. पण सगळ्यांनी हात जोडलेले होते. भामाबाईंनी एका हातात डबा तसाच धरून दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर घट्ट ओढला. आजवर त्यांना न्हाताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यांचं उघडं डोकंसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. माणसांपुढं त्या हवं तेवढं खोटं बोलल्या असत्या. देवीपुढं मात्र त्यांना खोटं बोलता येईना, कारण देवी आलीय यावर अख्ख्या अंगणात त्यांच्याइतका विश्वास कुणाचाच नव्हता.

"मला सोसत न्हाई, आई," त्या म्हणाल्या.

"काय सोसत न्हाई?"

"शिक्काई. नवी नवरी व्हते तवापासनं. आग हुती, फोड येत्यात. सासूनं कवा ऐकलं न्हाई."

"मग तू न्हातीस कशानं?"

"ताकानं, आई. डाळीचं पीठ लावून. दार लावून."

मला आमच्या परसातलं पांढरट पाणी आठवलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतकी वर्षं ही बाई दाराआड चोरून ताकानं न्हात होती, आणि जे आपल्याला सोसत नाही ते दर शुक्रवारी सुनेच्या हातात वाटीभर देत होती.

शालू हळू आवाजात म्हणाली, "डबा ठेव. जास्वंदीची पानं घे. आन् तुज्या हातानं सोडव."

मी सूप पुढं केलं. भामाबाईंनी पानं कोमट पाण्यात चोळली, त्याची हिरवी बुळबुळ सुनेच्या डोक्यावर ओतली आणि बोटांनी एकेक केस सोडवत बसल्या. फोडाला नख लागलं की शालूच्या आधी त्याच कळवळायच्या. जट सुटता सुटता उन्हं कलली. पुष्कळ केस हातात आले, पण राहिले तेही थोडके नव्हते.

नाथाजीनं देवी संतुष्ट होऊन परत गेली असं जाहीर केलं आणि नारळ उचलला. आप्पासोंनी चपला घातल्या. "आमच्या पोरीचंबी डोस्कं जरा नाजूकच हाय," म्हणाले, आणि जे गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. आणि आळीतल्या बायका? जाताना एकेक जण माझ्या कानाशी लागून सांगत होती, "मलाबी आगच व्हायाची, मास्तरीणबाई." शिवाजी महाराजांच्या काळापासून चालत आलेली शिकेकाई आळीत निम्म्या बायकांना सोसत नव्हती आणि सगळ्या तिचं कौतुक करत होत्या. तरी पुढच्या दिवाळीला उखळ निघालंच. पाहुण्यारावळ्यांना द्यायला लागते म्हणे.

आमच्या परसात मात्र शुक्रवारी एकदाच पाणी यायला लागलं, हिरवट. न्हाणीचं दार उघडंच असायचं आणि आत सासू-सून दोघी असायच्या. जास्वंदीची निम्मी पानं त्यांनी ओरबाडून नेली.

आकाराम आला तेव्हा शालूचे केस नुकते तेल लावण्याजोगे झाले होते. रहिमतपूर स्टेशनावरच कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यानं आईला विचारलं, "आये, घरात देवी आली व्हती म्हणं?"

भामाबाईंनी पदर सारखा केला. सुनेकडं बघितलं नाही.

"आली व्हती," त्या म्हणाल्या. "न्हाऊन गेली."