शब्द : पारंपरिक

देशभरातल्या गीतलेखन स्पर्धेतल्या निवडक गाण्यांचा अल्बम आला, तेव्हा मी नसरापूरला वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत उभी होते. मोबाईलवर आमचं गाणं शोधलं. शब्द माझे होते, चाल आणि आवाज मैत्रिणीचा. स्पर्धेला तिनंच पाठवलं होतं. खाली तिचं नाव होतं, आणि माझ्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘शब्द : पारंपरिक’.

तिला तिथूनच फोन लावला.

“अगं, लोकगीतांच्या गटात गर्दी कमी असते,” ती म्हणाली. “मनाला लावून घेऊ नकोस.”

लावून घेऊ नको! माझ्या गाण्यातली बाई मोबाईलची रेंज शोधत टेकाडावर चढते. ही कुठली आलीय परंपरा?

परवा मार्गासनीत एका हळदीला बायकांनी तेच गाणं धरलं. त्यांचा एक शब्द चुकला, म्हणून मी तो मोठ्यानं नीट म्हणून दाखवला. माझी सख्खी चुलती फटकन म्हणाली, “तू गप गं. लई जुनं गाणं हाय ते, तुला न्हाई ठावं.”

मैत्रीण माझ्या शेजारीच बसली होती. ती टाळ्या वाजवत राहिली.