परसातला पेरू

आज सकाळी परसातल्या पेरूच्या कोवळ्या पानावर ढेकण्या बसलेला दिसला. लांब पायांचा, डासासारखा किडा. मूळचा चहाच्या मळ्यातला म्हणे. आमच्याकडे काजूचा मोहोर जाळतो. शेजारचे बाबलभावजी कालच म्हणाले, "वहिनी, नुसता काजू फवारून काय उपयोग? काजूला पालवी नसते तेव्हा तो तुमच्या पेरूवर अंडी घालतो, पिल्लं वाढवतो. अख्ख्या वाडीचा मोहोर जातोय. तोडा आता हा पेरू."

खरंच आहे त्यांचं. या झाडाला मी कधी औषध मारूच दिलं नाही. माझी सुमन शाळेतून आली की दप्तरासकट वर चढायची आणि पेरू न धुताच खायची. तापात ती गेली, त्याला किती वर्षं झाली. तरी माझं आपलं तेच, नको बाई, पोर खाते.

किडा चिरडायला बोट उचललं नि थांबले. मोहोर येईपर्यंत बिचारा इथं जीव धरून राहतो. मीही तेच करत आले की! पण मला आता कुठला मोहोर?

"भावजी, उद्या कुऱ्हाड आणा," मी कुंपणावरून हाक मारली. "आणि आधी वरच्या फांदीचा एक पेरू काढून द्या. धुऊ नका हो."